पडद्याबाहेरचा हात

विद्यापीठाच्या दवाखान्यात रक्त काढणारी बाई भयंकर संशयी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुधाची पिशवी घेतली तरी ती उजेडाला धरून बघायची. नवरा म्हणायचा, "तुला आरसा दिला तरी तू मागे वळून बघशील, कोण उभं आहे ते." पोरंपोरी तिला सुईमावशी म्हणायची. तिला ते नाव आवडायचं, पण तसं ती मरेपर्यंत कबूल करणार नव्हती.

एचआयव्हीची तपासणी मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते एक. नाव विचारायचं नाही, फक्त नंबर द्यायचा. आणि मध्ये पडदा. पूर्वी पडदाबिडदा काही नव्हता. मग एकदा खुर्चीत येऊन बसला तो नेमका मावशीच्या शेजारणीचा थोरला. मावशीला बघून त्याची बोबडीच वळली आणि सुई टोचायच्या आधीच गडी खुर्चीवरून खाली! तक्रार झाली, मीटिंग झाली, आणि ठरलं की खुर्ची आणि मावशी यांच्यामध्ये हिरवा पडदा लावायचा. पडद्याला फट, फटीतून हात बाहेर. मावशीनं हात बघायचा, तोंड बघायचं नाही. कापड आणणाऱ्यानं माप चुकवलं, म्हणून पडदा गुडघ्याशीच संपला आणि मावशीला पायताणंही दिसू लागली.

आता गंमत अशी, की मावशीला माणसांची तोंडं मुळी लक्षातच राहत नसत. सख्ख्या नणंदेला तिनं एकदा बाजारात ओळखलं नव्हतं आणि त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता. पण शीर? एकदा बोटाखाली आलेली शीर ती विसरत नसे. तेव्हा पडदा लावून नंबर दिले काय आणि न दिले काय, मावशीच्या दृष्टीनं सगळा कारभार उघडाच होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढच्या मीटिंगमध्ये तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचं ठरलं असतं.

तर सत्राच्या सुरुवातीला एका शुक्रवारी फटीतून एक हात आला. बारीक मनगट, नखं कुरतडलेली, आणि शीर अशी पळपुटी की सुई टेकली की बाजूला सरकायची. दुसऱ्या खेपेला मावशीनं ती अंगठ्यानं दाबून धरली. "कुठं पळतेस गं?" ती शिरेला म्हणाली.  खाली काळ्या चपला दिसत होत्या, आणि त्यांना अगदी चिकटून पांढरे स्वच्छ बूट. बुटांच्या बाजूला बायकी पर्स लोंबत होती.

"आत एकाच माणसानं यायचं," मावशी म्हणाली.

"आम्ही जोडी आहोत," बूट म्हणाले. आवाज गोड होता.

जोडी असली की दोघांना आत यायची परवानगी. हे समुपदेशकाचं खूळ. समुपदेशक तीस-बत्तिशीचा उत्साही माणूस, दर आठवड्याला नवीन पोस्टर लावायचा. 'जोडीनं या, निर्धास्त जा' हे त्याचंच. त्या दिवशी दुपारी चहा पिताना तो म्हणाला, "मावशी, असे मुलगे किती असतात हो? स्वतः घेऊन येतो, तिची पर्स धरतो, रिपोर्ट घ्यायलाही स्वतः खिडकीशी थांबतो."

"आणि त्याचं रक्त?"

"त्याला सुईची भीती वाटते म्हणे. देईल पुढच्या वेळी."

"हं," मावशी म्हणाली. तिच्या या 'हं'ला दवाखान्यात सगळे टरकून असत.

महिन्यानं तोच हात पुन्हा. नंबर नवा, शीर तीच, बाजूला बूटही तेच. मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण खोटं कशाला बोला, चुकचुकली ती पोरीबद्दल. मागच्या वेळी तपासणीच्या पट्टीवर एकच रेघ आली होती, म्हणजे रक्त साफ; दोन आल्या तर रोग. मग महिन्याभरात पुन्हा कशाला? काहीतरी भानगडी करत असणार, आणि हा बिचारा पर्स सांभाळत मागे मागे फिरतोय. असं मनात येऊन मावशीनं सुई जरा रागानंच टोचली. पुढं या एका टोचण्याची आठवण झाली की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा! आता संशय पोरीवरून उठला आणि समुपदेशकावर जाऊन बसला. वरून दर महिन्याला आकडा मागत असत, किती तपासण्या झाल्या म्हणून. फळ्यावर खडूनं तो आकडा लिहिलेला असायचा आणि समुपदेशक त्याच्याकडे परीक्षेच्या निकालासारखा बघत असायचा. आकडा भरावा म्हणून त्याच त्याच पोरांना बोलावतोय की काय हा? मावशीनं आठवडाभर त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. त्याच्या टेबलावरचे कागद चाळले, तो जेवायला गेला की नंबरांची वही उलटसुलट केली. काही सापडलं नाही. एवढंच कळलं, की तो डब्यातली भाजी टाकून देतो आणि घरी संपवली म्हणून सांगतो.

पण त्याच खेपेला तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. बाही वर सरकवली तेव्हा दंडावर डाग होते. सुईचे डाग मावशीला पाठ. ते कोपराच्या खळीत पडतात, आठवड्यात पिवळे होतात. हे डाग वर होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि रंग ताजा जांभळा.

"हे काय लागलं?" तिनं विचारलं.

"दाराला," हात म्हणाला. आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला.

"धांदरट आहे हो ही," बुटांकडून आवाज आला. हसत.

 दाराला पाच बोटं कधीपासून फुटली, हे मावशीच्या जिभेवर आलं होतं, पण ती गप्प बसली. घरी गेल्यावर नवऱ्याशी विनाकारण भांडली.

इथं दवाखान्याची एक पद्धत सांगायला हवी. कागदावरचा नियम असा, की निकाल कसाही असो, समुपदेशकानं प्रत्येकाला खोलीत बसवून स्वतः सांगायचा. पण गर्दी वाढली, माणूस एकटा, म्हणून हळूहळू एक सवय पडून गेली. रक्त साफ असेल तर खिडकीतून पाकीट द्यायचं. नसेल तर "जरा आत येऊन बसा" म्हणायचं. पाकीट म्हणजे ठीक, खुर्ची म्हणजे गंभीर, हे दवाखान्यातल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की बाहेरच्या कुणाला ते ठाऊक नसेल हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि जोडीतल्या एकानं सही केली, की पाकीट त्याच्याच हातात.

चौथ्या महिन्यातला मंगळवार. हात आला. या वेळी मनगट आणखी बारीक, आणि थंडगार. मावशीनं पट्टा बांधला. तेवढ्यात बुटांचा फोन वाजला. बूट दोन पावलं मागे सरकले, दाराकडे वळले, आणि पडद्याच्या फटीशी कुजबूज झाली.

"मावशी, आता किती वाढलंय हो?"

"काय किती वाढलंय?"

"ते. माझ्यातलं. तो सांगत नाही. नुसतं म्हणतो की दर महिन्याला वाढतंय."

मावशीच्या हातातली सुई तशीच राहिली. वाढतंय? काय वाढतंय? या सत्रात दोन रेघांची पट्टी तिनं एकदाच पाहिली होती, आणि तो हात होता एका केसाळ, गडगडाटी हसणाऱ्या पोराचा. तो आता रोज गोळी घेत होता, वजन वाढवून बसला होता आणि दर वेळी मावशीला विनोद ऐकवत होता. या पळपुट्या शिरेच्या पट्टीवर तिन्ही वेळा एकच रेघ आली होती.

"तुला कुणी सांगितलं की तुला काही झालंय?"

पण बूट परत आले होते.  मावशीनं रक्त घेतलं, कापूस दाबला, आणि म्हणाली, "वीस मिनिटं बाहेर बसा." आवाज नेहमीसारखा काढायला तिला किती जोर लावावा लागला, ते तिचं तिला ठाऊक. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ती नळी स्टँडवर ठेवून थेट समुपदेशकाच्या खोलीत घुसली आणि दार लावून घेतलं.

"तुमच्या त्या पर्सवाल्यानं पोरीला सांगितलंय की तिला रोग झालाय."

"काहीतरीच काय, मावशी! तिन्ही वेळा पाकीट दिलंय मी."

"कुणाच्या हातात?"

"त्याच्या." समुपदेशक थांबला. "पण पाकीट म्हणजे..."

"पाकीट म्हणजे काय ते तुम्हाला माहीत, मला माहीत. तिला कुणी सांगितलं? तिचं तोंड तरी पाहिलंत तुम्ही कधी?"

त्यानं घाईघाईनं वही उघडली. तीन नंबर, तीन सह्या, तिन्ही एकाच हातच्या. फोन नंबर एकच, तोही त्या मुलाचा. समुपदेशकानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मावशी, मी त्याला शाबासकी दिली हो. तीनदा."

मावशीला त्याची दया आली आणि रागही आला. आणि स्वतःची तर शिसारी आली. चार महिने ती आपली संशय घेत बसली होती, या पोरीवर, समोरच्या समुपदेशकावर, आणि दंडावरचे डाग डोळ्यांनी बघून गप्प राहिली होती. "रडायचं ते नंतर रडा," ती म्हणाली. "आता त्याला पंधरा-वीस मिनिटं गुंतवून ठेवा. कसंही करा."

समुपदेशक उठला, तोंड पुसलं आणि बाहेर गेला. तो इतकं छान खोटं बोलू शकतो हे मावशीला त्या दिवशी कळलं. "अरे, तुलाच शोधत होतो!" तो पांढऱ्या बुटांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. "आम्ही पोस्टर करतोय, जबाबदार मुलांवर. तुझी मुलाखत हवी. चल, दहा मिनिटं."

"हिला एकटीला..."

"मावशी आहेत ना. चल रे, लाजतोस काय!"

स्तुती ऐकून बूट जरा घुटमळले आणि गेले. पर्स खांद्यावर तशीच होती. मग मावशी दारात आली आणि मुद्दाम मोठ्यानं ओरडली, "तीनशे बारा नंबर! नळीत गुठळी झाली, रक्त पुन्हा द्यावं लागेल!"

पोरगी आत आली, खुर्चीत बसली आणि सवयीनं फटीतून हात बाहेर काढला. मावशीनं पडदा धरला आणि सर्रकन बाजूला ओढला.

एकोणीस-वीस वर्षांची असेल. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. ती दचकून मागे सरकली.

"घाबरू नकोस, पोरी. ऐक नीट. तुला काहीही झालेलं नाही. तीन वेळा मी तुझं रक्त तपासलंय. काही नाही. कधीच नव्हतं."

मावशीला वाटलं होतं, पोरगी रडेल, गळ्यात पडेल. पोरीनं तिच्याकडे टक लावून बघितलं. थंड, सावध नजर. मावशी जशी दुधाच्या पिशवीकडे बघायची, अगदी तशी.

"तुम्ही असंच सांगणार," ती म्हणाली. "तो मला आधीच म्हणाला होता. घाबरून कुणी जीव देऊ नये, म्हणून इथले लोक खोटं सांगतात."

"अगं, मी कशाला खोटं सांगू?"

"तो कशाला खोटं सांगेल?" पोरगी म्हणाली. "त्याला माझ्यापासून काय मिळणार? उलट एवढं होऊनही त्यानं मला सोडलं नाही. दुसरा कुणी थांबला असता? त्यानं मारलं तरी मला समजतं का मारतो ते. माझ्यामुळे त्याच्या जिवाला घोर आहे."

 आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, आणि आता जिच्यासाठी जीव तळमळतोय ती आपल्यावरच संशय घेतेय! हिला वही दाखवावी तर वहीत नुसते नंबर. पट्टी दाखवावी तर हिला काय कळणार, एक रेघ चांगली की वाईट? तो बाहेर येऊन म्हणेल, बघ, रेघ आली. आणि हिला ते पटेल.

मग मावशीनं एक गोष्ट केली. टेबलावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर पोरीच्या नळीतलं रक्त सोडलं, पोरीच्या डोळ्यांदेखत. मग नवी सुई फोडली आणि स्वतःच्या बोटाला टोचली.

"हे माझं," ती म्हणाली. "दोन्ही एकदम बघू. माझ्यात नसेल आणि तुझ्यात असेल, तर दोन्ही वेगळ्या दिसतील. मग मला वाटेल ते बोल."

आणि थेंब पट्टीवर पडल्यावर तिला एकदम आठवलं. नऊ वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत, वापरलेली एक सुई तिच्या अंगठ्यात घुसली होती. उद्या तपासू म्हणाली, परवा म्हणाली, आणि मग विषयच मनाच्या तळाशी दाबून टाकला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. हजारो पोरांना 'तपासायला काय घाबरायचं' म्हणणारी ही बाई स्वतः नऊ वर्षं घाबरून बसली होती. आता पट्टी समोर होती आणि थेंब परत घेता येत नव्हता.

"तुमचा हात का थरथरतोय?" पोरीनं विचारलं.

"कारण मी पहिल्यांदाच करतेय," मावशी म्हणाली. खरं तेच सांगितलं.

पोरीच्या नजरेत पहिल्यांदा काहीतरी हललं. ती खुर्ची पुढं ओढून बसली. दोघी पट्ट्यांकडे बघत राहिल्या. पाच मिनिटं. दहा. भिंतीवरच्या घड्याळाला त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे, काटा म्हणून हलेना. पंधराव्या मिनिटाला दोन्ही पट्ट्यांवर एकेकच रेघ होती, आणि वीस झाली तरी एकेकच. मावशीनं मनातल्या मनात हात जोडले.

"दोन्ही सारख्या आहेत," पोरगी हळूच म्हणाली.

"सारख्याच आहेत, बाळा."

"मग तुम्हालाही असेल तर?"

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. असली चिवट पोरगी तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं आणि पांढरे बूट आत आले. आज पहिल्यांदाच मावशीला त्यांच्यावरचं तोंड दिसलं. साधंच होतं, बरं दिसणारं. मागून समुपदेशक धावत आला, त्याला अडवता आलं नव्हतं.

"काय चाललंय? पडदा का उघडा? चल, निघायचं."

पोरगी उठली नाही. तिनं पट्ट्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तू पण दे रक्त," ती म्हणाली.

"मला कशाला?"

"माझ्यात आहे ना? मग चार महिन्यांत तुझ्यातही आलं असेल. तुला भीती नाही वाटत?"

"वेडी आहेस का? मला काही नाही."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तुझं दर वेळी साफ येतंय, मग मला कुठून..."

तो थांबला. पण बोलून झालं होतं.  मावशीला आधी कळलं आणि मग समुपदेशकाला कळलं. हा गडी स्वतः कुठे कुठे जाऊन येत होता आणि धास्तीनं दर महिन्याला या पोरीचा हात फटीतून बाहेर काढत होता. ती साफ म्हणजे आपणही साफ, असा तिच्या रक्तावर स्वतःचा हिशेब लावत होता. तो हिशेबही धड नव्हता, पण ते त्याला समजावून सांगायची मावशीला बिलकूल इच्छा झाली नाही.

पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. "दर वेळी साफ येतंय," ती पुन्हा म्हणाली, एकेक शब्द सुटा सुटा.

"अगं, मी चेष्टा... तू सोडून जाशील म्हणून मी..." त्यानं तिचा दंड धरला. नेमका तिथेच. मावशी उठायच्या आत समुपदेशक मध्ये आला. काडीसारखा माणूस, पण भिंतीसारखा उभा राहिला. "हात काढ," तो म्हणाला. "हात काढ, नाहीतर आत्ता सुरक्षारक्षकाला बोलावतो." मुलानं हात काढला, खांद्यावरची पर्स जमिनीवर आपटली आणि निघून गेला. बाहेर व्हरांड्यात त्याचे बूट बराच वेळ वाजत होते.

त्यानंतर समुपदेशकानं वसतिगृहाच्या मुख्य बाईंना फोन लावला, तक्रारीचा कागद काढला, तीन महिन्यांनी आणखी एकदा तपासू म्हणून सांगितलं, "या वेळी तुझा निकाल तुझ्याच हातात."  मावशीनं पोरीला पाणी दिलं. ती रडली नाही. तिनं पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला.

"चिऊ? ताई बोलतेय... काही नाही गं, सहज. आई आहे का घरी? नको, राहू दे. ऐक ना, शनिवारी येतेय मी... हो, नक्की. आणि त्या दिवशी तुला माझ्या ताटातलं घेऊ दिलं नाही, ओरडले, त्याचा राग आहे का अजून?... या वेळी माझ्याच ताटात जेव. आणि रात्री माझ्या अंथरुणात ये झोपायला. हो गं, खरंच. नाही ढकलणार."

एका ताटात जेवून किंवा शेजारी झोपून हा आजार होत नाही, याचं मोठं रंगीत चित्र भिंतीवर लावलेलं होतं. पण ते मावशीच्या बाजूला होतं, पडद्याच्या अलीकडे, आणि चार महिन्यांत त्या पोरीला ते कधी दिसलंच नव्हतं. मावशी स्टुलावर चढली, हिरवा पडदा दांडीसकट खाली ओढला, आणि तो हातात घेऊन तिथेच उभ्या उभ्या रडली.